पावसाआधीचे कोकम : रायगड किनाऱ्यावरील एका उशिरा पिकणाऱ्या फळाचा आढावा

कोकणातील फळझाडांच्या उत्पादनाचा विचार बहुधा झाडावर किती फळ धरते या एकाच मापाने केला जातो. कोकमाच्या बाबतीत मात्र हे माप अपुरे ठरते. कोकमाचे मादी झाड एकदा मोठे झाले की फळ भरपूर धरते, औषधांच्या फवारण्या फारशा मागत नाही आणि पावसाळा संपल्यावर पाण्यावाचूनही तगून राहते; तरीही मुरूड तालुक्यातील आगरदांडा, राजपुरी, मजगाव यांसारख्या गावांत झाडावर दिसलेले रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, आणि बरणीत पोचलेले आमसूल यांच्यात मोठी तफावत पडते, कारण फळ पिकू लागते ते एप्रिलमध्ये, तोडणी लांबते ती जूनपर्यंत आणि तिच्या उत्तरार्धातच मृगाचा पाऊस येऊन ठेपतो. पावसात सापडलेले पिके फळ तडकते, त्यावर बुरशी धरते, ते जमिनीवर पडून आंबते. आणि जे हाती लागते ते वाळवायला ऊन उरलेले नसते. म्हणून कोकमाचे उत्पादन वाढवणे याचा खरा अर्थ झाडावरचे फळ वाढवणे एवढाच नसून, पावसाआधी उतरणाऱ्या फळाचा वाटा वाढवणे असा आहे, आणि लागवडीपासून वाळवणीपर्यंतच्या सर्व शिफारशी याच कसोटीवर पारखून घ्याव्या लागतात.

हंगामाच्या शेवटी पिकणाऱ्या फळाचा हा प्रश्न केवळ कोकणाचा नाही. थंड प्रदेशांत शरद ऋतूत फळणारी रास्पबेरी याच पेचात सापडते. या रास्पबेरीला त्याच वर्षी जमिनीतून फुटलेल्या काठ्यांच्या शेंड्याकडे फळ धरते. ते साधारण ऑगस्टपासून पिकू लागते आणि पहिले कडक दहिवर पडले की उरलेले फळ वाया जाते. तेथील बागाईतदारांनी या अडचणीवर दोन बाजूंनी उपाय शोधले. हिवाळ्याच्या अखेरीस सगळ्या जुन्या काठ्या जमिनीलगत छाटून नव्या फुटव्यांना एकदम वाव देणे आणि वसंतात आच्छादनाखाली वाढ लवकर सुरू करून देणे ही झाली मशागतीची बाजू. लवकर पिकणाऱ्या जाती निवडणे ही दुसरी. अमेरिकेतील जिनिव्हा येथील ‘हेरिटेज’ या जातीच्या आधी पिकणारी ‘ऑटम ब्लिस’ ही जात इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग येथे तयार झाली आणि थंडी लवकर पडणाऱ्या भागांतही या फळाची लागवड शक्य झाली. तेथे जे दहिवर करते ते येथे पाऊस करतो. पण रास्पबेरीची काठी दरवर्षी नवी येते, तर कोकमाचे झाड पिढ्यान् पिढ्या एका जागी उभे राहते, त्यामुळे येथे चुकीच्या निवडीची किंमत एका हंगामापुरती राहत नाही.

कोकम, म्हणजे शास्त्रीय परिभाषेत गार्सिनिया इंडिका, हे पश्चिम घाटाच्या उतारांवर व किनारपट्टीत नैसर्गिकपणे वाढणारे सदाहरित झाड आहे. त्याचा आकार शंकूसारखा, फांद्या खाली झुकलेल्या, पाने गडद हिरवी आणि कोवळी पालवी तांबूस असते. मुळाची प्रवृत्ती खोल जाण्याची असल्यामुळे जांभ्याच्या कातळालगतच्या वरकस जमिनीतही ते टिकाव धरते. फुलोरा साधारण नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत टप्प्याटप्प्याने येतो आणि फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत चार ते पाच महिने लागतात. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की हंगामाचे सारे गणित उलगडते : नोव्हेंबर-डिसेंबरातील फुलांचे फळ कडक उन्हात उतरते, तर फेब्रुवारीतील फुलांचे फळ जवळजवळ खात्रीने पावसाच्या तोंडी जाते. एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुले असतात, परंतु त्यांचे प्रमाण झाडागणिक फार वेगळे असते, आणि लवकर फुलणारी झाडे वर्षानुवर्षे लवकरच फुलतात, ही बाब ज्यांच्या परड्यात ही झाडे आहेत त्या कुटुंबांना चांगली ठाऊक असते.

उत्पादनाच्या वाटेतील पहिला अडसर झाडाच्या लिंगाचा आहे. कोकमात नर आणि मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात; दोन्ही प्रकारची फुले असणारी झाडेही आढळतात. बियांपासून वाढवलेल्या रोपांत जवळपास निम्मी झाडे नर निघतात, आणि रोप नर की मादी हे ते पहिल्यांदा फुलेपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षे, कळत नाही. बांधावर आपोआप उगवलेल्या झाडांच्या बाबतीत हा तोटा कोणाच्या ध्यानात येत नाही, परंतु जमीन, खड्डा, खत आणि राखण यांवर खर्च करून केलेल्या लागवडीत निम्मी जागा नर झाडांनी अडवणे परवडणारे नाही. त्यातही नर झाड मुळीच नको असे म्हणता येत नाही. परागीभवनासाठी बागेत दहा टक्क्यांच्या आसपास नर झाडे असावीत, अशी शिफारस आहे. जुन्या वस्तीत आजूबाजूला बियांची झाडे असली की ही गरज आपोआप भागते, एकाकी नव्या बागेत मात्र नर कलमे मोजून लावावी लागतात.

या अडसरावर मृदकाष्ठ कलमाने उत्तर सापडले. कोकमाच्या रोपाचा कोवळा शेंडा कापून, खोडाला मध्ये चीर देऊन, त्यात निवडलेल्या मादी झाडाच्या कोवळ्या फांदीची पाचरीसारखी तासलेली काडी बसवायची आणि सांधा प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचा, अशी ही पद्धत आहे. त्यामुळे झाडाचे लिंग, फळाचा आकार आणि पिकण्याचा काळ या तिन्ही गोष्टी लागवडीच्या दिवशीच ठरतात, आणि फळही बियांच्या झाडापेक्षा दोन-तीन वर्षे आधी मिळू लागते. खुंटासाठी लागणारे बी मात्र ताजेच पेरावे लागते. कोकमाचे बी सुकले की त्याची उगवणशक्ती झपाट्याने जाते, म्हणून फळातून काढलेले बी धुऊन लगेच पिशवीत टोचणे हाच रास्त मार्ग आहे.

कलमाच्या बाबतीत एक बारकावा मात्र लागवड करणाऱ्यांच्या नजरेतून वारंवार सुटतो, आणि त्याचे परिणाम पुढे बरीच वर्षे भोगावे लागतात. कोकमाच्या झाडावर दोन स्वभावाच्या फांद्या असतात : सरळ वर जाणारा शेंडा आणि आडव्या पसरणाऱ्या बगलफांद्या. कलमकाडी ज्या फांदीची, तिचाच स्वभाव कलमाला लागतो. आडव्या फांदीची काडी भरली तर कलम जिवंत राहते, फळही देते, पण ते उभे न वाढता जमिनीलगत झुडपासारखे पसरत राहते. आधाराला काठी लावूनही त्याचा कल फारसा बदलत नाही. सरळ वाढणाऱ्या फुटव्याची काडी घेतली तर झाडाला मूळचा शंकूसारखा बांधा येतो. अडचण अशी की एका मातृवृक्षावर, म्हणजे काड्यांसाठी राखलेल्या निवडक झाडावर, सरळ फुटवे मोजकेच असतात आणि बगलफांद्या पुष्कळ. त्यामुळे मागणी वाढली की रोपवाटिकांचा ओढा सोप्या काडीकडे जातो. कलम विकत घेताना त्याच्या उंचीपेक्षा सांध्यावरचा फुटवा कोणत्या दिशेने निघाला आहे आणि पाने त्याच्याभोवती चारही बाजूंनी आहेत की एकाच पातळीत दोन बाजूंना पसरली आहेत, हे पाहिले तर पुष्कळ उमगते. पसरट कलमे अगदीच टाकाऊ नाहीत. उंची कमी असल्यामुळे त्यांची तोडणी सोपी जाते, मात्र त्यांना जागा अधिक द्यावी लागते आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या काढत राहाव्या लागतात. लावल्यानंतर पहिली दोन वर्षे कलमाला सावली द्यावी आणि खुंटावर येणारे फुटवे वेळीच खुडावेत. ते राहिले तर खुंटच वाढतो आणि वरचे कलम मागे पडून मरते.

जातींच्या बाबतीत 1972 साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे, म्हणजे आजच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे काम पायाभूत आहे. कोकणभर विखुरलेल्या बियांच्या झाडांची पाहणी करून निवड पद्धतीने ‘कोकण अमृता’ ही जात 1997 मध्ये प्रसारित झाली. तिचे फळ मध्यम, सुमारे 35 ग्रॅमचे, साल जाड, आणि सर्वांत मोठा गुण असा की तिचे पीक पावसाळ्यापूर्वी हाती येते. त्यानंतरची ‘कोकण हातीस’ ही जात मोठ्या फळासाठी ओळखली जाते. तिचे फळ नव्वद ग्रॅमच्या आसपास भरते. मोठे फळ कापायला आणि सोलायला कमी मजुरी लागते हे खरे असले, तरी किनाऱ्यालगतच्या गावात जिथे मेच्या उत्तरार्धातच आभाळ भरून येऊ लागते तिथे फळाच्या आकारापेक्षा पिकण्याचा काळ अधिक मोलाचा मानला पाहिजे. दोन्ही जातींची कलमे मिसळून लावण्याचा सल्ला सरसकट दिला जातो. रायगडच्या किनाऱ्यावर मात्र त्यातील मोठा वाटा लवकर पिकणाऱ्या जातीचाच असावा.

हा आग्रह गेल्या काही वर्षांतील हवामानाने अधिकच रास्त ठरवला आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा आंबा, नारळ आणि सुपारी यांच्या नुकसानीची सर्वत्र चर्चा झाली, आणि ते योग्यच होते; परंतु तो दिवस उशिरा पिकणाऱ्या कोकमाच्या तोडणीच्या दिवसांतलाच होता. पुढच्याच वर्षी मेच्या मध्यास तौक्ते वादळाने किनाऱ्यालगतच्या समुद्रातून उत्तरेकडे जाताना भर उन्हाळ्यात पाऊस आणला. 2025 मध्ये तर मेच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच कोकणात जोराचा पाऊस सुरू झाला आणि 26 मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले, म्हणजे नेहमीच्या तारखेपेक्षा दोन आठवडे आधी. रोहिणी नक्षत्रात शिल्लक फळ उतरवू आणि मृगाआधी वाळवण आवरू, हा जुना हिशेब ज्या वर्षी मोडतो त्या वर्षी उशिरा पिकणाऱ्या झाडाचे जवळजवळ सगळेच फळ मातीत जाते. अशी वर्षे अपवाद आहेत असे समजून लागवडीची आखणी करणे आता शहाणपणाचे नाही.

उभ्या झाडाचे फळ लवकर आणण्याचे उपायही आहेत. त्यांपैकी पोटॅशियम नायट्रेटची फवारणी सर्वांत परिचित आहे. पावसाळा सरल्यावर, फुलोऱ्याच्या आधी, तीन टक्क्यांचे द्रावण, म्हणजे दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम, पानांवर फवारले असता फूल आणि पर्यायाने फळ लवकर येण्यास मदत होते. मात्र या उपायाकडून फार अपेक्षा ठेवू नये. नोव्हेंबरात फुलणाऱ्या झाडाचा फुलोरा तो थोडा अलीकडे आणतो. फेब्रुवारीत फुलणे ज्याच्या स्वभावातच आहे त्या झाडाला तो अमृता करू शकत नाही. शिवाय तीस फूट उंचीच्या जुन्या झाडाच्या शेंड्यापर्यंत फवारा पोचवणे घरगुती पंपाने होत नाही, त्यामुळे हा उपाय बुटक्या कलमांच्या बागेपुरताच व्यवहार्य राहतो.

खतांचा मुद्दा त्या मानाने सरळ आहे. कोकमाला खत घालण्याची किनाऱ्यावर परंपरा नाही, आणि म्हणूनच थोड्या खताचाही परिणाम दिसतो. पावसाच्या सुरुवातीला फांद्यांच्या घेराखाली चर काढून शेणखत आणि वयाच्या प्रमाणात वाढत जाणारी नत्र, स्फुरद, पालाशाची मात्रा द्यावी. नत्र उशिरा, म्हणजे सप्टेंबरनंतर देणे टाळावे. तेव्हा फुटलेली पालवी फुलोऱ्याला मागे ढकलते. पाण्याबाबतही पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांपुरतीच काळजी आहे; त्यानंतर झाड आपले पाणी आपण शोधते.

प्रकाशाचा मुद्दा मात्र रायगडच्या किनाऱ्यावर विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथे कोकम स्वतंत्र बागेत क्वचित आणि वाडीच्या कडेला किंवा वाडीत इतर झाडांमध्ये अधिक दिसते. मुरूड-श्रीवर्धन पट्ट्यातील वाडी म्हणजे नारळ आणि सुपारी यांची दाट, ओलिताखालील बाग. श्रीवर्धनची रोठा सुपारी याच पद्धतीत वाढली आणि तेथील सुपारी संशोधन केंद्राचे कामही याच पिकाभोवती आहे. कोकम सावली सोसते, परंतु सोसणे आणि सावलीत चांगले फळणे यांत अंतर आहे. दाट सुपारीखाली ते उजेडाच्या शोधात उंच, बारीक वाढते, फळ शेंड्याकडे थोडे धरते आणि ओलसर सावलीत ते उशिराच पिकते. वाडीच्या दक्षिण किंवा पश्चिम गडग्यालगत, जिथे दुपारचे ऊन झाडाच्या एका अंगाला तरी मिळते, तिथे लावलेले कोकम लवकर आणि अधिक फळते. निसर्ग वादळानंतर अनेक वाड्यांत माड आणि पोफळी उन्मळून मोकळ्या जागा पडल्या आणि तेथे नव्याने सुपारी लावली गेली. सुपारी मोठी होईपर्यंतची वर्षे कोकमाच्या कलमाला जम बसवायला पुरेशी असतात. वाडीच्या कडेला 6 मीटरच्या अंतराने कोकमाची एक ओळ धरली तर मुख्य पिकाला तिचा अडथळा होत नाही. या पुनर्लागवडीत कोकमाला जेवढे स्थान मिळायला हवे होते तेवढे मिळाले नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

फळ वेळेवर पिकले तरी ते वेळेवर उतरवण्याचा प्रश्न उरतो. कोकमाचे फळ एका झाडावर एकाच वेळी पिकत नाही; हिरव्यापासून तांबूस आणि मग गडद जांभळट लाल असा त्याचा रंग बदलत जातो, आणि पूर्ण रंगलेल्या फळाच्या सालीतच अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य आणि कोकमाची ओळख असलेले हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल भरपूर असते. त्यामुळे चार-पाच दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा तोडणी करणे हाच उत्तम मार्ग आहे. फांदी हलवून फळ पाडले की ते दगडावर आपटून तडकते आणि तडकलेले फळ दुसऱ्या दिवशी आंबू लागते; झेल्याने किंवा हाताने उतरवलेले फळ मात्र आठवडाभर टिकते. मजूर आंब्याच्या तोडणीत गुंतलेले असल्यामुळे कोकमाची तोडणी शेवटाकडे ढकलली जाते, आणि हा उशीर निसर्गाचा नसून व्यवहाराचा असतो. पावसाचा अंदाज स्पष्ट असेल तर अर्धवट रंगलेले फळही उतरवून घ्यावे. त्याचे आमसूल फिके होते, पण ते मातीत जाण्यापेक्षा बरे.

वाळवणीची रीत घरोघर थोडी वेगळी असली तरी गाभा एकच आहे. फळ धुऊन दोन भाग करतात, बी आणि गर काढून वेगळा ठेवतात, गराच्या आंबट रसात मीठ विरघळवतात आणि साली त्यात रात्रभर बुडवून सकाळी उन्हात पसरतात. संध्याकाळी त्या पुन्हा रसात जातात. अशी चार-पाच पुटे झाली की साल लालसरपणा सोडून काळपट, मऊ आणि लवचीक होते. दाबली असता रस सुटत नाही पण तुटतही नाही, ही आमसूल तयार झाल्याची खूण आहे. फळाच्या वजनात सालीचा वाटा सुमारे निम्मा असतो आणि त्या सालीतही चार पंचमांश पाणी असते. एवढे पाणी समुद्राकाठच्या दमट हवेत उडवायला सलग कडक उन्हाचे दिवस लागतात. म्हणूनच पावसाने फळाआधी वाळवण बिघडते. पारदर्शक छत आणि हवा खेळती ठेवणारी साधी सौर वाळवणी असेल तर ढगाळ दिवसांतही काम पुढे सरकते आणि उशिरा पिकलेल्या फळाचा काही भाग तरी वाचतो. रस अतिशय आम्लधर्मी असल्यामुळे तांब्याची, ॲल्युमिनियमची किंवा लोखंडाची भांडी वापरू नयेत. ज्या फळाला ऊन मिळण्याची शक्यताच उरली नाही, त्याचे आगळ, म्हणजे मीठ घालून टिकवलेला रस, किंवा साखरेत मुरवून अमृत कोकम करणे श्रेयस्कर. दोन्हींना उन्हाची गरज आमसुलाइतकी नाही. कोकम पिकवणाऱ्या कुटुंबाने आणि बचत गटाने हंगामाचा पहिला भाग आमसुलाला आणि शेवटचा भाग आगळाला राखून ठेवला, तर पावसाचा फटका पुष्कळ सौम्य होतो.

बीही टाकून देण्याजोगे नाही. एका फळात पाच ते आठ बिया असतात आणि त्यांत सुमारे पाव भाग स्निग्धांश असतो. पूर्वी घरोघर बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर येणारे तेल गोठवीत आणि त्याचे मुठीने गोळे करीत. हेच मुठेल थंडीत फुटलेल्या टाचांना लावले जाते. सामान्य तापमानाला ते घट्ट राहते आणि अंगाच्या उष्णतेच्या आसपास वितळते, म्हणून सौंदर्यप्रसाधनांत आणि चॉकलेटच्या उद्योगात त्याला मागणी आहे.

उत्पादनाच्या चर्चेत बाजाराचा एक मुद्दा टाळता येत नाही. 2016 मध्ये ‘सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकम’ या नावाने भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशातील उत्पादनालाच ते नाव वापरण्याचा कायदेशीर हक्क, नोंदले गेले. त्यात नावाप्रमाणेच रायगड नाही. हापूसच्या 2018 मधील मानांकनात रायगडचा समावेश झाला, कोकमाच्या बाबतीत मात्र राजपुरी खाडीच्या दोन्ही काठांवरचे आमसूल नावाविना विकले जाते. या परिस्थितीत रायगडला करता येण्यासारखे आणि सर्वांत तातडीचे काम म्हणजे आपल्याच गावांतील लवकर फुलणाऱ्या मादी झाडांची नोंद. फुलोरा नोव्हेंबरात येतो, साल जाड आहे आणि एप्रिल संपता संपता बहुतेक फळ उतरते, अशी झाडे प्रत्येक गावात सापडू शकतात. सलग तीन-चार हंगाम त्यांच्या फुलण्याच्या आणि पिकण्याच्या तारखा लिहून ठेवल्या, तर खरोखर लवकर पिकणारे झाड कोणते हे निश्चित होते. रोह्याजवळच्या किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्र या कामासाठी जिल्ह्यातच उपलब्ध आहे. वरकस जमिनीवरची जुनी झाडे इमारती, रस्ते आणि बंदराच्या वाढीबरोबर तुटत चालली आहेत. झाड तुटण्याआधी त्याच्या सरळ फुटव्यांच्या काड्या खुंटावर चढल्या, तरच त्याचा लवकर पिकण्याचा गुण या किनाऱ्यावर राहील.